टापू

परवा कपाट आवरताना एक जुनी वही सापडली. वीसेक वर्षांपूर्वी नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा-धडगावकडच्या नर्मदाकाठी गेलो होतो, तेव्हाची. कौतुकाने उघडली आणि ओशाळलो.

वहीत काय? सरदार सरोवराची तेव्हाची उंची, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची तारीख (18 ऑक्टोबर 2000), महाराष्ट्रातली बुडिताखालची गावं 33. सगळं वर्तमानपत्रातही मिळालं असतं!

समुद्रापासून इतक्या लांबच्या या जिल्ह्यात 'टापू' हा शब्द मी तिथेच ऐकला. सातपुड्याचे उतार उभे. पाणी चढलं की खालची काळी जमीन जाते आणि टेकडीवरचं घर मागे राहतं, चहूबाजूंनी पाणी. मग दुकान, दवाखाना, सोयरीक, सगळं बोटीने. पुढे दवाखानाही तरंगता आला.

अशाच एका घरी मका-ज्वारीची भाकरी खाल्ली. म्हातारबाबांनी पाण्याकडे बोट दाखवून बुडालेल्या शेतांची नावं सांगितली. एकेका तुकड्याला नाव! कुठे मोहाचं झाड होतं, कुठे तूर चांगली यायची, पेरणीला कोण कोण बिनमजुरीने राबायला यायचं... मी मान डोलावत राहिलो. लिहिलं मात्र काहीच नाही. त्यात 'माहिती' नाही, असं वाटलं असणार.

खरं तर तीच माहिती होती. धडगावकडची कितीतरी गावं महसुली दप्तरात नव्हतीच, ती वनगावं. पिढ्यान्‌पिढ्या कसणाऱ्याच्या नावावर सातबारा नाही. सातबारा नाही म्हणून सरकारी यादीत खातेदार नाही, म्हणून बदली जमिनीसाठी वर्षानुवर्षं भांडण. त्या शेताचा एकमेव दाखला म्हणजे बाबांची आठवण.

काहींना हे वेळीच कळलं. नंदिनी ओझा यांनी केशवभाऊ आणि केवलसिंग वसावे यांच्या तोंडून हा इतिहास ध्वनिमुद्रित केला, त्याचं पुस्तकही झालं. वसावे मंडळी त्याच काठची. इतिहास त्यांच्याच शब्दांत राहिला.

सप्टेंबर 2019मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण, 138.68 मीटरपर्यंत भरलं. बाबांची शेतं आता आणखी खोल आहेत. बाबा आहेत की नाहीत, ठाऊक नाही.

नवी वही आणली आहे. पावसाळा सरला की जायचं. पहिल्या पानावर एकच प्रश्न लिहून ठेवलाय: शेताचं नाव काय होतं?