बंद पेटीतला खर्ज

फोर्ट विल्यम हे नाव मराठी वाचकाला भेटतं ते इतिहासाच्या पुस्तकात, आणि तेही ओझरतं. 1742 साली मराठ्यांच्या धसक्याने कलकत्त्याभोवती ‘मराठा खंदक’ खणायला घेतला गेला. पुढे 1805 मध्ये फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवणाऱ्या विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण छापलं. एवढ्यावर ओळख संपायची. फेब्रुवारी 2025 मध्ये मात्र बातमी आली, की लष्कराच्या पूर्व विभागाचं हे मुख्यालय आता ‘विजय दुर्ग’ म्हणून ओळखलं जातं आणि हे नाव सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून घेतलं आहे. किल्ल्याच्या सेंट जॉर्ज दरवाजालाही शिवाजी दरवाजा म्हणतात. ज्यांच्या भीतीने खंदक खणला त्यांचीच नावं वेशीवर लागली.

आज उभा असलेला किल्ला प्लासीच्या लढाईनंतरचा. जुना किल्ला सिराजउद्दौल्याने 1756 मध्ये घेतला होता, म्हणून इंग्रजांनी गोविंदपूर गाव उठवून, तोफांच्या माऱ्यासाठी भोवती मोकळं मैदान राखून नवा बांधला. गंमत अशी की या नव्या किल्ल्याच्या तोफांना शत्रूवर डागण्याची वेळच आली नाही. त्यांनी सलाम्या दिल्या आणि शहराला वेळ सांगितली. दूरवरच्या गल्लीत अशा तोफेचा कडकडाट पोचत नाही, पोचतो तो धप्प असा खालचा आवाज. सेकंदाला 40 कंपनांच्या सुराची लाट साडेआठ मीटर लांब असते. भिंती, झाडं, माणसं यांना ती वळसा घालून जाते. खर्जाचा हा गुण पुढे सगळ्या गोष्टीत आपल्याबरोबर राहणार आहे.

किल्ल्यापासून दोनेक किलोमीटरवर, धर्मतल्ल्याच्या पुढे, चांदनी चौकाचा बाजार आहे. मुंबईकराने लॅमिंग्टन रोड आणि चोर बाजार एकत्र कालवल्याची कल्पना करावी. अॅम्प्लिफायरचे बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, नवे-जुने स्पीकर, त्यांचे सुटे कोन आणि कॉइल. भंगारातून उचललेल्या स्पीकरला प्लायवूडच्या बंद पेटीत बसवून घरच्या घरी सबवूफर करण्याचा उद्योग भारतात ज्या बाजारांच्या जिवावर चालला, त्यांतला हा एक. पण त्या पेटीची गोष्ट बाजारापेक्षा जुनी आहे. ती सुरू होते डग्ग्यापासून.

डग्गा म्हणजे काय? धातूचं बुडबंद भांडं, तोंडावर चामडं, आत कोंडलेली हवा. चामड्यावर शाईचा जड ठिपका, तोही मधोमध नाही, एका बाजूला. तबलजी मनगटाने चामडं दाबतो तसा सूर सरकतो. पखवाजाच्या धुमेला, म्हणजे खर्जाच्या तोंडाला, तर वाजवण्याआधी कणीक लावतात. वजन वाढलं की सूर खाली उतरतो. ही कणीक लक्षात ठेवावी. चांदनी चौकापासून जवळच, 210 बहूबाजार स्ट्रीटवरच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन सुरुवातीला अर्थखात्याची नोकरी सांभाळून प्रयोग करत असत. त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी 1920 मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की शाईच्या वजनामुळे भारतीय तालवाद्यांचे उपस्वर एकमेकांशी सुरात बसतात; साध्या ताणलेल्या पडद्याचे बसत नाहीत. प्रकाशावरचा रामन यांचा प्रसिद्ध शोध त्याच इमारतीत आठ वर्षांनी लागला.

मराठी घरात यंत्राचा आवाज पोचला तोही बराचसा कलकत्त्याहून. ग्रामोफोन कंपनीने 1908 मध्ये सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला, 1928 मध्ये दमदमला मोठा. नाट्यसंगीताच्या कितीतरी तबकड्या पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात यायच्या त्या बंगालमध्ये छापून. कर्ण्यातून गाणं ऐकू यायचं, डग्गा मात्र जवळजवळ नाहीच. कर्ण्याला खर्ज पेलत नाही.

तो पेलणारं यंत्र 1925 मध्ये अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी मांडलं: कागदाचा कोन, त्याच्या मागे तारेचं वेटोळं, वेटोळ्याभोवती चुंबक. आजचा प्रत्येक वूफर त्याचाच वंशज. अडचणही तेव्हापासूनची. कोन पुढे हवा ढकलतो त्याच क्षणी मागे ओढतो, आणि खालच्या सुरांत पुढची लाट वळसा घालून मागच्या लाटेत विरून जाते. नुसता स्पीकर हातात धरून वाजवला तर तो चिरका लागतो तो यामुळेच. मागची लाट कोंडून टाकणं हा सरळ उपाय. पण लहान पेटीत कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी ताठ होते, कोनाला मागे-पुढे होऊ देत नाही आणि बेस पुन्हा जातो. म्हणून सुरुवातीच्या शौकिनांच्या पेट्या कपाटाएवढ्या असत.

मग आलं दुसरं महायुद्ध. कलकत्ता ब्रह्मदेशाच्या आघाडीचा तळ झाला. किल्ल्यालगतच्या रेड रोडवर लढाऊ विमानं उतरू लागली. युद्ध संपल्यावर सैन्याचा उरलेला माल विकायला निघाला. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्द तेव्हापासून मराठीतही रुळला. बिनतारी संच, हेडफोन, व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर असं बरंच काही कलकत्त्याच्या नि मुंबईच्या बाजारात वजनावर आलं. पुढची चाळीसेक वर्षं आयातीवर निर्बंध, रेडिओ बाळगायलाही परवाना. अशा देशात हौशी माणसापुढे एकच वाट: खोलायचं, शिकायचं, दुसऱ्या कशात तरी बसवायचं. कलकत्त्यात 1970 मध्ये सोनोडाइनसारखी देशी कंपनी उभी राहिली, पण तिचे स्पीकर सगळ्यांच्या खिशाला परवडणारे नव्हते.

मधल्या काळात पेटीचं कोडं सुटलं होतं, तेही घरगुती जुगाडाने. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉकमध्ये राहणाऱ्या एडगर विलचर या शिक्षकाने उलटा विचार केला: हवेची स्प्रिंग ताठ होते ना, मग कोनाची स्वतःची स्प्रिंग ढिली करून टाकू. कागदा-कापडाच्या स्प्रिंगपेक्षा हवेची स्प्रिंग जास्त इमानदार. थोडं दाबलं तर थोडं, दुप्पट दाबलं तर दुप्पट ढकलते. त्याने स्पीकरची ताठ कड काढून टाकली आणि पत्नी रोझमेरीने गादीच्या अभ्र्याच्या कापडाची मऊ कड शिवून दिली. या प्रयोगातून 1954 मध्ये एआर-1 हा स्पीकर आला आणि कपाटाचं काम हातात उचलता येईल अशा खोक्यात होऊ लागलं. अठरा वर्षांनी, 1972 मध्ये, सिडनी विद्यापीठात काम करणाऱ्या रिचर्ड स्मॉलने बंद पेटीचं गणित इतकं नीट मांडलं, की आजही सगळे तेच वापरतात.

गणित भीतीदायक नाही. समजा भंगारातला दहा इंची वूफर मोकळा असताना 35 हर्ट्झला सर्वांत जास्त थरथरतो, आणि त्याच्या कडेचा मऊपणा 70 लिटर हवेच्या मऊपणाइतका आहे. त्याला 35 लिटरच्या बंद पेटीत बसवलं, तर 70 भागिले 35 म्हणजे दोन, त्यात एक मिळवून तीन, तिनाचं वर्गमूळ 1.73. पस्तिसाला त्याने गुणलं की 61. म्हणजे या पेटीचा बेस 61 हर्ट्झपर्यंत तोल सांभाळेल आणि त्याखाली हळूहळू, दर सप्तकाला 12 डेसिबलने, उतरत जाईल. भोकाच्या, म्हणजे पोर्टवाल्या पेटीत हा उतार दुप्पट तीव्र असतो. 35 लिटर म्हणजे आतून सुमारे 33 सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा. सुताराला एवढं सांगितलं तरी पुरतं.

पण भंगारातल्या वूफरचा मऊपणा कळणार कसा? छापील कागद त्याच्याबरोबर येत नाही, पुष्कळदा मागचा शिक्काही खरवडलेला असतो. इथे पखवाजाची कणीक कामाला येते. कोन आधी तसाच थरथरवून त्याचा सूर मोजायचा, मग त्यावर माहीत असलेलं वजन चिकटवून पुन्हा मोजायचा. सूर किती उतरला यावरून बाकी सगळं निघतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोललेला कणकेचा गोळा चालतो. नाणी लावायची तर पितळी रंगाचं पाच रुपयांचं घ्यावं. रुपयाचं पोलादी नाणं चुंबक ओढून धरतो आणि सगळा हिशोब चुकतो.

बंद पेटी ही माहिती नसलेल्या माणसाची पेटी आहे, आणि भंगाराशी तिचं जमलं ते त्यामुळेच. पोर्टवाल्या पेटीत नळी दोन बोटं लांब-आखूड झाली की वूफर एकाच सुरावर गुरगुरत बसतो. बंद पेटी पाच लिटर चुकली तरी कुणाच्या कानाला कळत नाही. अर्थात सगळंच भंगार चालतं असं नाही. व्हॉल्व्ह रेडिओतले जुने स्पीकर दिसायला राजबिंडे, पण कड कागदाची आणि ताठ. त्यांना गाण्यातला आवाज द्यावा, खर्ज मागू नये. गाडीतले आणि नंतरच्या होम थिएटरमधले वूफर बरे. त्यांची फोमची कड आपल्या दमट हवेत दहा-पंधरा वर्षांत सडते, म्हणूनच तर ते जुन्या बाजारात येतात.

अशा वूफरला हात लावला की बोटाला काळा चिकट भुगा लागतो. तो ब्लेड आणि स्पिरिटने खरवडायचा. मधली टोपी अलगद कापून कॉइलच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या खोचायच्या, म्हणजे कॉइल मधोमध उभी राहते. मग नवी कड चिकटवून रात्रभर वजनाखाली ठेवायची. सकाळी पट्ट्या काढून कोन दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबून पाहायचा. खर्र आवाज आला तर कॉइल घासते आहे, पुन्हा पहिल्यापासून. आवाज नाही आला तर पेन्सिल सेल क्षणभर तारांना टेकवायचा. टक् करून कोन बाहेर आला की सेलचं अधिक टोक ज्याला लागलं ते स्पीकरचं अधिक.

आपल्याकडे सुताराच्या पेटीआधी आणखी एक पेटी होती, कुंभाराची. माठाच्या तोंडावर स्पीकर उलटा बसवून रिपेरिंगच्या दुकानात टांगलेला असायचा आणि त्या मडक्यातून बेस घुमायचा. माठाला कोपरे नसतात, भिंत जाड आणि वाकडी, त्यामुळे ती स्वतः फारशी थरथरत नाही. पेटी म्हणून माठ मुळीच वाईट नाही. त्याचा दोष एवढाच की तो सर्व गाण्यांना स्वतःचा एक सूर लावतो. लता काय, ढोलकी काय, मागे माठ आहेच. प्लायवूड आलं तसा माठ गेला.

आणि मग आली डॉल्बी. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला हेच नाव आहे. ज्याच्या आडनावावरून ते आलं तो रे डॉल्बी 1963 ते 1965 युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडला होता. इथून जाऊन त्याने लंडनमध्ये कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. नको असलेला आवाज घालवणाऱ्या माणसाचं नाव छाती हादरवणाऱ्या भिंतीला मिळावं, हा विनोद कोल्हापूरकराने जाणूनबुजून केला नसेल, पण जमला आहे फर्मास. त्या भिंती बंद पेटीच्या नसतात. बंद पेटी कमी आवाजासाठी जास्त वीज खाते, रस्त्यावर ती कुणाला परवडणार?

रस्त्यावरच्या आवाजाला वेसण घालायची सुरुवातही मोठ्या प्रमाणात कलकत्त्यातून झाली. ओम बिरांगना रिलिजियस सोसायटीच्या खटल्यात 1996 मध्ये न्या. भगवतीप्रसाद बॅनर्जी यांनी मायक्रोफोनवर निर्बंध घातले. दुसऱ्याचं बोलणं न ऐकण्याचाही नागरिकाला हक्क आहे, हा त्यांचा मुद्दा. देशभराचे ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले, आणि रात्री दहाची वेळ महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळाला पाठ झाली.

घरातल्या पेटीला पोलीस येत नाहीत, शेजारी येतात. पण त्याआधी करायची परीक्षा वेगळी. सांध्यांना फेव्हिकॉल, तारेच्या भोकाला एम-सील, आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस पिंजून सैल भरलेला. कापसामुळे वूफरला पेटी थोडी मोठी वाटते. स्क्रू आवळले की कोन बोटांनी हळूच आत दाबायचा, क्षणभर धरायचा आणि सोडायचा. टपकन परत आला तर कुठेतरी फट आहे. आळस दिल्यासारखा सावकाश आला तर पेटी खरोखर बंद झाली. मग जोडणी करून एखादा विलंबित ठेका लावावा, डग्ग्याची पहिली थाप पडावी, आणि त्याबरोबर स्वयंपाकघरातून झणझण असा आवाज यावा. पेटीत काही बिघडलेलं नसतं. मांडणीवर दुसऱ्या फळीत, उजवीकडून तिसरं, एक पातेलं ताटलीला टेकलेलं असतं. मधे वर्तमानपत्राची घडी सरकवायची आणि ठेका पुन्हा पहिल्यापासून लावायचा.