कड्यातली लाट

छाती अचानक धडधडू लागते, नाडी मिनिटाला दीडशेच्या पुढे जाते आणि डॉक्टर ईसीजी पाहून म्हणतात, "शॉर्टसर्किट आहे." शब्द वायरमनचा, पण या आजाराच्या उलगड्याचं कूळ शोधत गेलं तर आपण पोचतो समुद्रात, एका जेलीफिशपाशी.

फ्लोरिडाजवळच्या टॉर्टुगास बेटांवर आल्फ्रेड मेयर कॅसिओपिया नावाच्या जेलीफिशवर प्रयोग करत होता. छत्रीच्या काठावरची ज्ञानेंद्रियं कापली की तिची उघडझाप थांबते. मेयरने मधला भागही काढला. उरलं नुसतं कडं. ते एका जागी डिवचलं की दोन्ही अंगांनी लाटा निघत, पलीकडे समोरासमोर येत आणि विझत. लाट जिथून नुकतीच गेली, तिथल्या पेशी क्षणभर बधिर असतात. जळून गेलेल्या गवतावरून वणवा परत फिरत नाही, तसंच. मग एका बाजूला कडं दाबून एक लाट अडवली आणि लगेच दाब काढला. दुसरीला समोरून येणारं कुणीच उरलं नाही. ती फिरतच राहिली. हे १९०६ साली छापून आलं. पुढे अशी एक लाट ११ दिवस फिरली. मेयरने हिशेब मांडला, ४५७ मैल! (मोजत बसणाऱ्याची चिकाटीही लाटेइतकीच.)

जेलीफिशमध्ये ही लाट मज्जातंतूंच्या जाळ्यातून धावते. हृदयात मात्र स्नायूपेशीच एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीत शिरलेला विद्युतभार शेजारणीला जागं करतो. इंग्लंडच्या जॉर्ज माइन्सने १९१३ मध्ये कासवाच्या हृदयात तेच कडं दाखवलं. त्याची अट साधी होती: लाट वळसा घालून येईपर्यंत मूळ जागेचा बधिरपणा ओसरलेला हवा. लाट मंदावली किंवा बधिरपणाचा काळ आखडला, तर लहानशा कड्यातही ती मावते. माणसाच्या हृदयात एखादा जादा स्नायूधागा असला तर असंच कडं तयार होईल, आणि कडं तोडलं की फेरा थांबेल, हेही त्याने ताडलं. नोव्हेंबर १९१४ मध्ये माँट्रियलच्या प्रयोगशाळेत तो उपकरणं जोडलेल्या अवस्थेत बेशुद्ध सापडला आणि त्यातच गेला. वय २८. स्वतःवरच प्रयोग चालला होता, असं म्हणतात.

कडं तोडायला मग १९६८ उजाडलं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात विल सीली या शल्यविशारदाने एका रुग्णाच्या हृदयातला तो जादा धागा कापला आणि धडधड थांबली. रुग्ण व्यवसायाने मच्छीमार होता.