केडगांवचें बायबल

सोलापुराहून आगगाडीनें पुण्याकडे निघालें म्हणजे दौंड मागें पडल्यावर थोड्याच वेळांत केडगांव नांवाचें एक लहान स्टेशन लागतें. बहुतेक प्रवाशांचें लक्ष तोंपर्यंत पुण्याकडे लागलेलें असतें. आमच्या शुक्रवार पेठेंतल्या शिकल्यासवरल्या मंडळींत या वाटेनें कधींच न गेलेला मनुष्य शोधून काढावा लागेल. परंतु या स्टेशनापासून जवळच एक सबंध बायबल मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठींत उतरलें, तेथल्याच छापखान्यांत त्याचे खिळे जुळले, तेथेंच तें छापून निघालें, आणि हें काम बहुतांशीं स्त्रियांच्या हातून झालें, ही गोष्ट ठाऊक असलेला मनुष्यही तितकाच शोधावा लागतो. पंडिता रमाबाईंचें नांव कोणाला अपरिचित नाहीं. कलकत्त्याच्या पंडितांनीं त्यांना ‘सरस्वती’ म्हटलें, इंग्लंडांत त्यांनीं धर्मांतर केलें, शारदासदनावरून पुण्यांत रण माजलें, एवढें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण ज्या कामाला या बाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं पंधरा-सोळा वर्षें वाहिलीं, तें त्यांच्याविषयींच्या लेखांत बहुधा एका वाक्यांत उरकलेलें असतें. हा त्या कामावर अन्याय आहे, आणि मराठी भाषेच्या इतिहासावरही आहे, असें आम्हांस वाटतें.

बायबल मराठींत आणण्याचा खटाटोप रमाबाईंच्या आधीं शंभर वर्षें चालू होता. त्याच्याही पूर्वीं, १६१६ सालीं, गोव्यांत फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध झालें. पण तें ओंवीबद्ध कथन होय, भाषांतर नव्हे, आणि नागरी खिळ्यांची सोय नसल्यामुळें तें रोमन लिपींत छापावें लागलें. भाषांतराला आरंभ झाला तो बंगाल्यांतील श्रीरामपुरास. विल्यम केरीनें १८०५ सालीं मत्तयाचें शुभवर्तमान व १८११ सालीं नवा करार मराठींत छापला. त्याच्या शेजारीं बसून त्याला मराठी शब्द पुरविणारा वैजनाथ पंडित होता; श्रेय मात्र सगळीकडे केरीच्या नांवावर मांडलेलें आढळतें. पुढें १८१३ सालीं अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांपैकीं न्यूएल १८२१ सालीं पटकीनें वारला, आणि गॉर्डन हॉल १८२६ सालीं नाशिककडील प्रवासांत त्याच रोगाला बळी पडला. त्याच १८२६ सालीं त्यांचा मराठी नवा करार पुरा झाला. सबंध बायबल हातीं येण्यास १८४७ साल उजाडलें. ताणा एकानें लावावा आणि बाणा दुसऱ्यानें भरावा, असें हें काम झालें. या मिशनच्या मुंबईच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅमनें नागरी खिळ्यांना जें सुबक वळण दिलें, त्याचा लाभ ख्रिस्ती नसलेल्या महाराष्ट्रालाही झाला. निर्णयसागराचे जावजी दादाजी यांनीं कसबाचे पहिले धडे त्याच छापखान्यांत गिरविले. पुढें ज्या खिळ्यांनीं आमचे काव्यग्रंथ व शास्त्रग्रंथ इतके देखणे छापले गेले, त्यांचें आजोळ असें शोधावें लागतें.

मग छापील मराठी बायबल हातांत असतां रमाबाईंनीं पुन्हा हा उद्योग कां आरंभिला? त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें, कीं प्रचारांतील भाषांतर पंडिती वळणाचें असून खेड्यांतील अशिक्षित बाईला तें कळत नाहीं. शिवाय त्यांतील कित्येक संस्कृत शब्दांना हिंदु धर्मकल्पनांचा इतका दाट वास आहे, कीं वाचणारीच्या मनांत भलताच अर्थ उभा राहतो. हा आक्षेप एखाद्या परदेशी मिशनऱ्यानें घेतला असता, तर त्याला मराठी येत नाहीं म्हणून आपण तो सोडून दिला असता. परंतु येथें आक्षेप घेणारी व्यक्ति म्हणजे लहानपणीं भागवत मुखोद्गत केलेली, संस्कृतांत व्याख्यानें देऊन कलकत्त्याची विद्वत्सभा जिंकलेली पंडिता होती.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविण्याचा ‘अपराध’ केला. त्यापायीं समाजाशीं वैर पत्करून ते गंगामूळच्या रानांत जाऊन राहिले, आणि तेथें १८५८ सालीं रमाबाईंचा जन्म झाला. रमाबाईंना विद्या दिली ती या आईनें. पुढें दक्षिणेकडील दुष्काळांत आईबाप अन्नावांचून गेले, आणि रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री पायीं हिंदुस्थान फिरत राहिले. दुष्काळ म्हणजे काय हें या बाईंना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. पुढच्या सर्व हकीकतीचें बीज आमच्या मतें येथें आहे. १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांनीं घेतलेल्या बाप्तिस्म्याइतकेंच, किंबहुना त्याहून अधिक.

दुष्काळाची गोष्ट सोलापूरकरांना निराळी सांगावयास नको. १८९६–९७ चा दुष्काळ आला तेव्हां आमच्या शहरांतील मागावरचा विणकर उपाशी पडला, आणि त्याला त्याच्या धंद्यांतच काम मिळावें म्हणून लोकमान्य टिळकांनीं सोलापुरास येऊन योजना आंखली. सरकारनें ती मानली नाहीं, हा भाग वेगळा. त्याच सालीं रमाबाई मध्य प्रांतांत गेल्या आणि निराधार मुली व तरुण विधवा गोळा करून आणूं लागल्या. त्यांची संख्या सुमारे तीनशेंवर गेली. पुण्यांत प्लेगचे निर्बंध असल्यामुळें एवढा जमाव तेथें ठेवतां येईना. म्हणून केडगांवास आधींच घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर त्यांना नेण्यांत आलें. हेंच मुक्तिसदन. तीन वर्षांनीं गुजराथेंत ‘छपन्या’ दुष्काळ पडला, आणि मग ही संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. लोकमान्य आणि रमाबाई यांचा एकमेकांशीं किती कडवा विरोध होता हें सांगणें नलगे. १८९३ सालीं शारदासदनांतील मुलींवर ख्रिस्ती धर्माची छाया पडते या आरोपावरून रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनींही सदनाच्या सल्लागार मंडळांतून अंग काढून घेतलें होतें. तरी भुकेलेल्याला नुसती भीक न घालतां हाताला काम द्यावें, या एका गोष्टींत दोघांची दृष्टि सारखीच होती.

मुक्तिसदनांत शेती होती, गुरें होतीं, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा होता, आंधळ्या मुलींसाठीं शाळा होती. आणि छापखाना होता. मराठी खिळे जुळविणें हें इंग्रजीच्या मानानें किती त्रासाचें, याची कल्पना छापखान्यांत पाऊल न टाकलेल्याला यावयाची नाहीं. इंग्रजीचीं लहानमोठीं अक्षरें व चिन्हें मिळून जुळाऱ्याचें पेटीवर भागतें. नागरींत मूळ अक्षरें, काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरें यांचे शेंकडों निरनिराळे खिळे. प्रत्येकाचें घर ध्यानांत ठेवावयाचें, आणि तोंड उलटें असलेलें अक्षर बोटांनीं ओळखावयाचें. वाढत्या वयांत ज्या मुलीनें प्रथम ‘अ’ पाहिला, तिच्या हातीं हें काम आलें. हिब्रू व ग्रीक खिळेही तेथें होते, आणि कांहीं जणींना त्या लिपींची ओळख करून देण्यांत आली होती. बायबलाचीं पुस्तकें सहासष्ट, अध्याय १,१८९, आणि वचनें एकतीस हजारांच्या वर. एवढा ग्रंथ आधीं उतरावयाचा, मग जुळवावयाचा, तपासावयाचा, छापावयाचा आणि बांधावयाचा. आणि ज्यांच्या हातून हें व्हावयाचें, त्यांतल्या बहुतेकींना दहा वर्षांपूर्वीं पोटभर अन्न म्हणजे काय हें ठाऊक नव्हतें.

रमाबाईंनीं भाषांतर हातीं घेतलें तें १९०५ च्या सुमारास. त्याच वर्षीं मुक्तिसदनांत प्रार्थनेची एक मोठी लाट उसळली होती. रात्रंदिवस प्रार्थना, अश्रुपात, भावावेश असे प्रकार घडल्याचीं वर्णनें आहेत. या मासिकाचे बहुतेक वाचक ख्रिस्ती नाहींत, आम्हीही नाहीं. आणि असल्या भावावेशाकडे साशंक दृष्टीनें पाहण्याची आम्हां इंग्रजी शिकलेल्यांना संवय आहे. पण आमच्या महाराष्ट्रांत टाळमृदंगाच्या नादांत देहभान हरपलेले लोक पंढरीची वाट शतकानुशतकें तुडवीत आले, त्यांना आपण हंसत नाहीं. लाट ओसरल्यावर मागें काय राहिलें एवढेंच पाहणें इतिहासकाराला योग्य. मुक्तिसदनांत लाट ओसरल्यावर मागें राहिली ती पंधरा-सोळा वर्षांची रोजची मेहनत. रमाबाईंनीं पन्नाशीच्या आगेंमागें हिब्रूसारखी कठीण भाषा पचविली. त्यांना त्या वेळीं ऐकूं येईनासें झालें होतें. पदराशीं इंग्रजी बायबल असतांना त्यावरूनच मराठी करणें सोपें होतें. मूळाकडे गेल्याशिवाय अर्थाची खात्री नाहीं, हा मात्र शास्त्र्याच्या घरचा हट्ट, आणि तो धर्म बदलला तरी गेला नाहीं.

या कामाचें मोठेपण सांगतांना कांहीं लेखक एक चूक करतात. मूळ भाषांवरून सबंध बायबलाचें भाषांतर करणारी जगांतील पहिली स्त्री रमाबाई, असें ते म्हणतात. तसें नाहीं. अमेरिकेंत ज्युलिया स्मिथ या बाईनें तें काम एकटीनें करून १८७६ सालीं छापून घेतलें होतें. त्याहूनही मागें पाहावयाचें तर चवथ्या शतकाच्या अखेरीस जेरोमनें बेथलेहेमांत लॅटिन बायबल सिद्ध केलें तेव्हां पाउला नांवाची रोमन विधवा व तिची मुलगी त्याच्या मदतीस होत्या, आणि पाउला हिब्रू शिकली होती, हें जेरोमनेंच लिहून ठेविलें आहे. इंग्रजांचें प्रसिद्ध १६११ चें बायबल राजाज्ञेनें झालें; त्याला सत्तेचाळीस विद्वान् व सात वर्षें लागलीं. तेव्हां पहिलेपणाचा शिरपेंच रमाबाईंना चढविण्याचें कारण नाहीं. केडगांवचें वैशिष्ट्य निराळें आहे. राजा नाहीं, विद्यापीठ नाहीं, सत्तेचाळीस विद्वान् नाहींत. एक विद्वान् स्त्री आणि तिच्याभोंवतीं दुष्काळांतून वांचलेल्या बायका. त्यांच्यासाठींच हें पुस्तक व्हावयाचें, आणि तें करणाऱ्याही त्याच.

आतां गुणदोषांची गोष्ट. मुक्तिसदनाचें बायबल लोकांत रुळलें नाहीं. चर्चांतून व घरांतून बायबल सोसायटीचेंच भाषांतर चालू राहिलें. याचें कारण केवळ मिशनांचा दुराग्रह हें नव्हे. संस्कृत शब्द टाळावयाचा या निश्चयानें लिहूं लागलें म्हणजे मराठीच्या हाताशीं असलेलें पुष्कळसें भांडवल बाजूला पडतें. मूळाशीं शब्दशः इमान राखावयाचें म्हटलें कीं वाक्याची चाल अडखळते. दोन्ही व्रतें एकदम पाळणाऱ्या लेखकाचा कान मधून मधून दगा देणारच. आणि धर्मकल्पनांचा वास नसलेले शब्द आणावयाचे तरी कोठून? जी भाषा ज्ञानेश्वरांपासून देवाशीं बोलत आली, तिच्या साध्या शब्दांनाही तो वास लागलेलाच आहे.

याच वेळीं नगरच्या बाजूस रेव्हरंड नारायण वामन टिळक अगदीं उलट वाटेनें चालले होते. ज्या वासाची रमाबाईंना धास्ती, त्याचेंच टिळकांना आकर्षण; ख्रिस्त महाराष्ट्राला कळावयाचा तर तो ओंवींतून व अभंगांतून, असें ते म्हणत. त्यांनीं ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें, पण साडेदहा अध्याय होतांच १९१९ सालीं ते वारले. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या त्यांच्या पत्नीनें, लक्ष्मीबाईंनीं, पुढचे चौसष्ट अध्याय रचून तो ग्रंथ तडीस नेला. तो १९३८ सालीं प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत लक्ष्मीबाईंनाही जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. रसिक या नात्यानें आमचा ओढा टिळकांच्या वाटेकडे आहे, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. तथापि टिळकांना जी विद्या जवळ ओढावीशी वाटली, तीच रमाबाईंनीं एका निरक्षर बाईखातर बाजूला ठेवली. आणि हा त्याग त्यांच्यासारख्या पंडितेला किती जड गेला असेल, याचा विचार आमच्या टीकाकारांनीं फारसा केलेला नाहीं.

शेवटचीं दोन वर्षें कठीण गेलीं. १९२१ च्या जुलैंत रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमाबाई वारली. चाळिशीची ही मुलगी आईचा उजवा हात होती, आणि सदनाचा कारभार पुढें तिनेंच पाहावयाचा असें ठरून गेलेलें होतें. रमाबाई त्यानंतरही मुद्रितें तपासीत राहिल्या. प्रकृति ढांसळली तेव्हां उरलेलीं मुद्रितें वाचून होईपर्यंत दहा दिवस आयुष्य मिळावें अशी त्यांनीं प्रार्थना केली, आणि शेवटचें मुद्रित हातावेगळें करून त्यांनीं देह ठेवला, असें मुक्तिसदनांत सांगतात. ५ एप्रिल १९२२ हा त्यांच्या निधनाचा दिवस. छापणें व बांधणें अजून उरलें होतें. तें त्या बायकांनीं पुरें केलें, आणि १९२४ सालीं ग्रंथ बाहेर पडला. वैजनाथ पंडिताचें नांव निदान शोधल्यावर सांपडतें. खिळे जुळविणाऱ्या या स्त्रियांचीं नांवें कोणत्याही मराठी वाङ्मयेतिहासांत आम्हांस आढळलीं नाहींत.