वतन : एका अरबी शब्दाची कैफियत

देवळ्यात बसून अरबी कशाला शिकतोस, संस्कृत का नाही, असे सहकारी विचारतात. संस्कृत बाबासाहेबांनाही हवे होते. अस्पृश्य म्हणून शाळेने ते नाकारले, तेव्हा त्यांनी फारसी घेतली.

मी घराण्यातला पहिला पदवीधर. मला अरबीकडे ओढले ते ‘वतन’ या शब्दाने. अरबीत वतन म्हणजे मायभूमी, माणसाचे हक्काचे ठिकाण. हाच शब्द फारसी दप्तरांच्या वाटेने मराठी मुलखात आला आणि महाराच्या गळ्यात पडला. वेसकरकी, सांगावा पोचवणे, मेलेले ढोर ओढणे. बदल्यात जमिनीचा तुकडा नि बलुते. मायभूमीची अशी वेठ आमच्याच गावगाड्याने केली. त्यात अरबांचा काय दोष?

हक्क, अर्ज, जुलूम, कायदा हे शब्दही अरबीच. शुद्ध मराठीचे पहारेकरी त्यांना परके म्हणोत. आमच्या निरक्षर आजोबांच्या तोंडी ते जन्मभर होते.

1874 च्या वतन कायद्याने इंग्रजांनी ही वेठ कागदावर पक्की केली. तो बदलण्यासाठी 1928 साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात बिल आणले. ते तडीस गेले नाही. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा 1958 चा. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.