टायटॅनियम नायट्राइड

टायटॅनियम नायट्राइड हे टायटॅनियम व नायट्रोजन या मूलद्रव्यांचे अतिकठीण सिरॅमिक संयुग आहे. धातू कापणाऱ्या हत्यारांवर त्याचा पातळ मुलामा देतात. मुलाम्याचा रंग सोनेरी असला, तरी त्यात सोन्याचा अंश नसतो.

गुणधर्म
विकर्स मापनानुसार या मुलाम्याची कठीणता २,००० हून अधिक, तर हायस्पीड स्टीलची सुमारे ८०० ते ९०० असते. द्रवणांक सुमारे २,९५० अंश सेल्सिअस आहे. बहुतेक सिरॅमिक पदार्थांच्या उलट हे संयुग विजेचे सुवाहक आहे.

आढळ
निसर्गात ते ऑस्बोर्नाइट या दुर्मीळ खनिजाच्या रूपात आढळते. उत्तर प्रदेशातील बस्ती परिसरात १८५२ मध्ये पडलेल्या अशनीत हे खनिज प्रथम ओळखले गेले.

लेपनपद्धती
निर्वात कक्षात टायटॅनियमची वाफ करून नायट्रोजन सोडला जातो आणि तयार झालेले संयुग हत्यारावर बसते. थराची जाडी साधारण १ ते ५ मायक्रोमीटर असते. ही क्रिया सुमारे ४५० अंशांवर होत असल्याने हायस्पीड स्टीलचे पाणी उतरत नाही. सुमारे १,००० अंशांवरील रासायनिक बाष्पलेपन टंगस्टन कार्बाइडसाठी वापरतात.

उपयोग
ड्रिल बिट, मिलिंग कटर, साचे, घड्याळांची आवरणे व शस्त्रक्रियेची उपकरणे यांवर हा मुलामा देतात. जालना शहर पोलादी सळ्यांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध आहे. सळ्या तयार करणाऱ्या रोलिंग मिलमध्ये रोलवरील खाचा झिजल्या, की त्या लेथवर पुन्हा कोराव्या लागतात. लेथकामाच्या अनेक कार्बाइड इन्सर्टवर अनेक थरांचा लेप असून सर्वांत वरचा थर टायटॅनियम नायट्राइडचा असतो. या सोनेरी थरामुळे झिजलेली धार चटकन ओळखता येते.

मर्यादा
मुलामा हत्याराची झीज कमी करतो. मात्र मूळ पोलाद हलके असल्यास दाबाखाली ते दबते आणि थर तडकतो. त्यामुळे केवळ सोनेरी रंग हा दर्जाचा पुरावा ठरत नाही. ड्रिल बिटला पुन्हा धार लावल्यावर टोकावरचा मुलामा निघून जातो. नागमोडी खाचांमधील थर तेवढा टिकतो व काही अंशी उपयोगी पडतो. हवेत सुमारे ६०० अंशांच्या वर या संयुगाचे ऑक्सिडीकरण वाढते. म्हणून अधिक उष्णतेच्या कामासाठी टायटॅनियम ॲल्युमिनियम नायट्राइडचा लेप निवडतात.