बेगमीचा भात

मे महिना आला की आमच्या उमरोळी गावात पत्र्याचे डबे घासून उन्हात पालथे पडतात. तांदूळ, डाळी, मसाला, चिंच, कोकम आणि सगळ्यांत घट्ट झाकणाच्या डब्यात सुका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी. ही आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची, बेगमी. बेगमी शब्द फारसीतून आला. बे म्हणजे विना, गम म्हणजे चिंता. घरात साठवण असली की जिवाला घोर नाही, एवढं सगळं मराठीनं या तीन अक्षरांत ठेवलं आहे. आमच्याकडे सकाळी न्याहारीला जवळा-अंड्याचा भात होतो, त्याचं कूळ मला तरी या शब्दातच सापडतं.

गावाच्या पश्चिमेला सातपाटी, मुरबे ही मासेमारीची गावं. पावसाळ्यात दर्या खवळतो, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. सरकारी मासेमारीबंदी १ जूनला लागते, पण समुद्राची बंदी तिच्याहून कितीतरी जुनी. नारळी पौर्णिमेपर्यंतचे दिवस काढायचे तर उन्हाळ्यातच सोय हवी. भरती-ओहोटीच्या ओढीत रोवलेल्या डोल जाळ्यात बोंबील येतो, त्याच्याबरोबर जवळा येतो. बोंबील वलांडीवर टांगायचा, जवळा खळ्यावर पसरायचा. कडक उन्हात त्यातलं पाणी गेलं की कुजवणाऱ्या जंतूंना जगायला जागा उरत नाही. जवळा इतका बारीक की मीठ न लावताही तो लवकर वाळतो, आणि पाणी गेल्यावर त्याची मूळची गोडी एकवटते. ताज्या जवळ्याला ती चव नाही, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

अन्न टिकवण्याची हीच निकड दूर फ्रान्समध्येही होती. सैन्याला टिकाऊ अन्न पुरवण्याची रीत काढल्याबद्दल निकोला आपेर या हलवायाला १८१० मध्ये सरकारनं १२,००० फ्रँक दिले. अन्न काचेच्या बरणीत घट्ट बंद करून उकळायचं, ही त्याची युक्ती. बरणीच्या जागी पत्र्याचा डबा त्याच वर्षी इंग्लंडात आला. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतल्या हॉर्मेल कंपनीनं डुकराच्या मांसाचा स्पॅम हा डबा बाजारात आणला. त्यात मीठ होतं, साखरही होती. दुसऱ्या महायुद्धात तो सैनिकांबरोबर पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर पोहोचला. हवाई आणि ओकिनावातले लोक भात खात. त्यांनी त्या मांसाचे काप तव्यावर परतले, सोयासॉस आणि साखरेत घोळवले, भातावर ठेवले, शेजारी अंडं. खारट-गोड न्याहारी झाली. परक्या फौजेची शिदोरी त्यांनी आपल्या भातात जिरवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडेही परकं जिरलंच आहे. मिरची पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली. तिच्याआधी तिखटाची भिस्त मिऱ्यांवर होती. न्याहारी हा शब्दसुद्धा फारसी घरातला, निहारीचा सख्खा.

पुढे आमच्या भागात तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, बोईसरला कारखाने उभे राहिले, आणि सकाळ घड्याळाच्या ताब्यात गेली. पहिल्या पाळीला निघणाऱ्याला रात्रीचा भात हाच आधार. तो शिळाच हवा. गार होताना दाण्यातलं पिष्ट आवळून येतं, म्हणून परतताना दाणा सुटा राहतो. ताज्या भाताचा गोळा होतो.

या भातासाठी मूठभर जवळा निवडून कोरडा भाजायचा, हातानं चोळून चाळायचा म्हणजे कचकच जाते, मग दोनदा पाण्यातून काढून पिळायचा. तेलात लसूण ठेचून टाकायची, वर भरपूर कांदा. इथे घाई नको. कांदा तांबूस होईपर्यंत थांबलं तरच गोडी सुटते. मग हळद, मिरची, जवळा, दोन आमसुलं आणि सुपारीएवढा गूळ. काहीजणी गूळ घालत नाहीत. मी घालते, कारण आमसुलाच्या आंबटाला आणि जवळ्याच्या उग्र वासाला तोच सांभाळून घेतो. मीठ चाखून, कारण जवळा थोडा खारा असतोच. भात घालून एक वाफ. मधोमध खळगा करून त्यात अंडं फोडायचं, झाकण ठेवायचं. पांढरं धरलं आणि पिवळं अजून हलतंय, तेवढ्यात गॅस बंद.

ताटात घेताना पिवळं फुटून भातावर ओघळतं. बाहेर पाऊस असतो, आणि डब्यात अजून अर्धा जवळा शिल्लक असतो.