मुंबईने सोडलेला कोच

जुलै 2025 मध्ये भारतीय फुटबॉल टीमच्या कोचच्या जागेसाठी 170 अर्ज आले. झावी आणि पेप गार्डिओलाच्या नावानेही ईमेल आले होते. नंतर कळलं, खोटे! इथं संभाजीनगरात आम्ही सॉफ्टवेअरवाले फेक रिझ्युमे बघतोच, पण हा कहर होता.

शेवटी तीन नावं उरली: स्टीफन कॉन्स्टन्टाईन, स्टेफान तारकोविच आणि मुंबईचा खालिद जमील. खालिदचा रिझ्युमे नुसत्या ट्रॉफ्या मोजून वाचला तर फसाल. 2009 पासून सात वर्षं तो मुंबई एफसीचा कोच. पैसा कमी, आय-लीग एकदाही नाही, पण टीम कधी खालच्या डिव्हिजनला घसरली नाही. 'घसरू दिलं नाही' याला एक्सेलमध्ये कॉलमच नसतो ना!

2016 मध्ये क्लबने त्याला सोडलं. तो मिझोरामच्या ऐझॉलला गेला, आदल्या सीझनला घसरून परत घेतलेली टीम. तिच्यासोबत त्याने 2016-17 ची आय-लीग मारली. त्याच सीझनला मुंबई एफसी तळाला जाऊन बाहेर पडली.

1 ऑगस्ट 2025 ला जागा खालिदलाच मिळाली. पहिल्याच मॅचला भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच मैदानात 2-1 हरवलं.